एकही पावसाळा न पाहिलेलं घर

बँकेच्या पाहणी-फॉर्मवर एक ओळ असते : ‘बांधकामाचा दर्जा – चांगला / मध्यम / निकृष्ट.’ तिन्हींपैकी एकावर खूण करायची. मालकाचं नाव, भूखंडाचा नंबर, चतुःसीमा, काम किती टक्के झालं, हे सगळं मी भरते. या ओळीपाशी मात्र हात अडतो. चांगला म्हणजे कशाच्या मानानं चांगला? शेजारच्या घराच्या? मालकाच्या ऐपतीच्या? की कुठे तरी लिहून ठेवलेल्या मापाच्या? फॉर्म ते सांगत नाही, आणि ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

मी स्थापत्यची पदविका घेऊन अमरावतीच्या एका व्हॅल्युअरच्या ऑफिसात लागले. राहायला चांदूर बाजारला, म्हणून तालुक्यातल्या साइट माझ्या वाट्याला आल्या. गृहकर्जाचे पैसे बँक एकदम देत नाही. पाया झाला की एक हप्ता, जोतं झालं की दुसरा, स्लॅब पडला की तिसरा. प्रत्येक हप्त्याआधी कोणी तरी जाऊन बघायचं, फोटो काढायचे, टक्के लिहायचे. ते काम माझं. गावाच्या कडेला जिथे माझ्या लहानपणी संत्र्याचे बगीचे आणि पऱ्हाटीची वावरं होती तिथे आता लेआउट पडलेत. घरं बांधणारी माणसं म्हणजे शाळामास्तर, एसटीतले वाहक, आंबिया बहाराचे बरे पैसे हाती आलेला एखादा शेतकरी. घर आयुष्यात एकदाच बांधणार आणि त्याचे हप्ते वीस वर्षं फेडणार. त्यांच्या घरावर मी एक खूण करून यायची, याचं मला पहिल्यापासून दडपण आहे.

ऑफिसातल्या व्हॅल्युअर सरांना विचारलं तर ते म्हणाले, “भेगा बघ, ओल बघ, फरशी ठोकून बघ, दारं-खिडक्या नीट लागतात का बघ. काही दिसलं नाही तर ‘चांगला’.” ऐकून बरं वाटलं, कारण हे करता येण्यासारखं होतं. परतवाड्याच्या एका जुन्या घरात ते बरोबर लागूही पडलं. छताचा गिलावा फुगलेला, कॉलमच्या कोपऱ्यातून गंजाचा तांबूस ओघळ आलेला, मागच्या भिंतीला तिरपी भेग. घरच सगळं सांगत होतं, मी लिहून घेतलं.

मग चांदूरच्या लेआउटमधलं नवं घर आलं. गिलावा ताजा, भिंतींवर पुट्टीचा हात फिरलेला, फरशी कागदानं झाकलेली. भेग नाही, ओल नाही. सरांच्या यादीप्रमाणे दर्जा चांगला. पण त्या घरानं अजून एकही पावसाळा पाहिलेला नव्हता. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं नव्हतं. मे महिन्याचं चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचं ऊन त्यानं सोसलं नव्हतं. पायाखालची काळी माती एकदाही भिजून फुगली नव्हती आणि सुकून फाटली नव्हती. जुनं घर आपलं दुखणं आपण दाखवतं. नव्या घरात दुखणं असलं तरी ते वर यायला वेळच मिळालेला नसतो. मग नुसत्या डोळ्यांनी बघून मला कळणार काय?

हा प्रश्न मी उगाच मोठा करत नाही. अमरावतीत प्रभात चौकातली इमारत ३० ऑक्टोबर २०२२ ला कोसळली आणि ५ माणसं गेली. ती जुनी आणि जीर्ण होती. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ माणसं गेली. ती जुनी नव्हती, दशकभराच्या आतबाहेरची होती. शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली इमारत तर ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असतानाच खाली आली, ७४ जण दगावले. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींचं संरचनेच्या दृष्टीनं परीक्षण करून घ्यावं, अशी तरतूद आपल्या शहरांसाठी कायद्यात आहे. जुन्या घराकडे संशयानं बघायला आपण शिकलो. नव्या घराकडे बघताना तो संशय गळून पडतो, रंगाचा वास आला की सगळं ठीक वाटतं.

सरांचं पुढचं म्हणणं असं : “कोड तपासणं आपलं काम नाही. ते आर्किटेक्टचं, नगरपरिषदेचं. आपण बँकेची माणसं, दिसेल ते लिहायचं.” सर वयानं, अनुभवानं मोठे आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. घर नियमात आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण मग तो अधिकार ज्यांना आहे ते साइटवर कधी असतात, हे मी शोधू लागले आणि गोंधळ वाढला.

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. मुंबईसारखे काही भाग सोडले तर ती सगळ्या महाराष्ट्राला लागू, आमच्या नगरपरिषदेलाही. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या सहीचा नकाशा आणि शुल्क जमा केलं की काम सुरू करता येतं. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर घराची सगळी जबाबदारी त्या एका सहीवर येऊन बसली. सही करणारा अभियंता अमरावतीला, घर चांदूरला, आणि काम मिस्त्रीच्या हातात. लहान गावांच्या नगरपरिषदेत जो अभियंता असतो त्याच्याकडे रस्ते, नाल्या, पाणीपुरवठा, सगळंच असतं. खेड्यात प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल असेल तर पाया, जोतं, छत अशा टप्प्यांवर फोटो काढले जातात, मोबाइलवर जागेची नोंद होते आणि मग १ लाख २० हजारांतला पुढचा हप्ता पडतो. त्या फोटोत भिंत दिसते. भिंतीच्या आत काय आहे ते फोटोत येत नाही. थोडक्यात, लोखंड बांधून झालं आहे आणि काँक्रीट अजून पडलेलं नाही अशा वेळी तिथे हजर असणारा जाणता माणूस बहुतेक घरांच्या नशिबी नसतो.

तो प्रसंग माझ्यासमोर आला शिरजगावच्या रस्त्याला बांधकाम चाललेल्या एका मास्तरांच्या घरी. उद्या सकाळी स्लॅब भरायचा, आज फोटो हवे होते. शिडीनं वर गेले. सेंटरिंगच्या पत्र्यांवर सळया चौकटीत बांधलेल्या, तारेचे पीळ घट्ट, रिंगा सरळ. बघायला सुंदर काम. सळ्यांखाली मात्र ठिकठिकाणी गिट्टीच्या चिपा सारलेल्या होत्या, सळई पत्र्यापासून उचललेली राहावी म्हणून. मी एका सळईवर पाय ठेवला. चीप सरकली आणि सळई पत्र्याला जाऊन टेकली. बाजूला पट्टीनं मोजलं तर कुठे बोटभर अंतर, कुठे काहीच नाही.

मिस्त्रीकाका खालून बघत होते. “म्याडम, लोखंड मोजा ना, खालची जागा कायले मोजून रायल्या? भरतानी थे आपोआप होते.”

“आपोआप कसं होईल, काका? वरून माणसं घमेली घेऊन चालणार ना?”

“आमी एवढे घरं बांदले बाप्पा, एकबी पडलं नाई.”

ते खरंच बोलत होते. त्यांचं एकही घर पडलेलं नाही. मी तिथेच गच्चीवर बसून मोबाइलवर आयएस ४५६ उघडलं. साध्या आणि प्रबलित काँक्रीटचं हे भारतीय मानक, सध्याची आवृत्ती २००० सालची. कॉलेजात यावरून गणितं सोडवली होती, पण पाय सळईवर ठेवून ते वाचायची वेळ कधी आली नव्हती. सौम्य हवामानात स्लॅबच्या सळईखाली काँक्रीटचं आवरण २० मिलिमीटर, कॉलमला ४०, जमिनीत गाडल्या जाणाऱ्या फुटिंगला ५०. हे आवरण शोभेचं नसतं. काँक्रीट लोखंडाला हवा-पाण्यापासून झाकून ठेवतं. आवरण पातळ असलं की ओल आत पोचते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतून ढकलत ढकलत काँक्रीट फोडतो. परतवाड्याच्या त्या घरात मी जो तांबूस ओघळ आणि फुगलेला गिलावा लिहून आले होते त्याची सुरुवात कधी तरी अशाच एका स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी झाली असणार. तेव्हा ते घर नवं होतं, आणि तेव्हा कोणी फॉर्म भरला असेल तर त्यात ‘चांगला’वरच खूण असेल.

वीस मिलिमीटर म्हटल्यावर मिस्त्रीकाका नुसते बघत राहिले. पाऊण इंच म्हटल्यावर त्यांना तत्काळ समजलं. म्हणाले, “मंग असं सांगा ना. पाऊन इंचाचे ठोकळे आना, लावून देतो.” मास्तर मोटारसायकल काढून अमरावतीला गेले आणि तयार कव्हर ब्लॉकच्या पिशव्या घेऊन आले. सिमेंटच्या एक-दोन गोण्यांएवढा खर्च. स्लॅब एक दिवस उशिरा पडला. मला जे वाटलं ते एवढंच की, हा आकडा माहीत नसता तर मी सुंदर बांधलेल्या सळ्यांचे सुंदर फोटो काढून खाली उतरले असते.

त्यानंतर मी वाचायला बसले, आणि वाचताना पुन्हा गोंधळले. ‘कोड’ हा एकच ग्रंथ असेल असं मी धरून चालले होते. तसं नाही. राष्ट्रीय इमारत संहिता आहे, पहिली १९७० ची, आताची २०१६ ची. ती भारतीय मानक ब्युरोनं काढलेली, पण ती शिफारस आहे; राज्यानं किंवा स्थानिक संस्थेनं आपल्या नियमांत घेतली तेवढीच बंधनकारक होते. दुसरी राज्याची नियमावली. खोली केवढी, समास केवढा, उंची किती, यावर तिचा भर. आणि तिसरी म्हणजे आयएस मानकांची भली मोठी रांग : काँक्रीटचं वेगळं, लोखंडाचं वेगळं, अर्थिंगचं वेगळं, मातीच्या चाचण्यांचं वेगळं. यातली मानकं ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, पण इंग्रजीत. मिस्त्रीपर्यंत, मालकापर्यंत ती त्या भाषेत पोचायची नाहीत. मधे कोणी तरी ‘पाऊण इंच’ म्हणणारं लागतं. पाहणीला जाणाऱ्यानं ते व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं तर मला सर्वांत नवल वाटलं. आम्हांला कॉलेजात शिकवलं होतं, साइटवर सगळे हेच म्हणतात, की पिण्याजोगं पाणी काँक्रीटला चालतं. आता वऱ्हाडात खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर-भातकुलीकडे, अकोल्याकडे बोअर मारला की खारं पाणी. मास्तरांच्या घरी सेंटरिंगवाला दर्यापूरचा होता. तो म्हणाला, “आमच्याकडं बोअरच्या पान्यानं स्लॅप भरला तं लोखंड फुगलंच समजा. आमी टँकर सांगतो.” त्यानं कोणतंही मानक वाचलेलं नाही, पण त्याचं बरोबर आहे. आयएस ४५६ सांगतं, लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोखंड नसेल तर २००० चालेल. आणि पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, म्हणतं, २५० पर्यंत चांगलं, पण दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्या. म्हणजे नाइलाजानं जे पाणी माणूस पितो ते स्लॅबला चालत नाही! क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की आवरण पाऊण इंच असूनही गंज धरतो. खारपाणपट्ट्याच्या काठावर राहणाऱ्या आम्हां लोकांसाठी ही माहिती मला फार मोलाची वाटते, आणि फॉर्मवर पाण्याविषयी एक अक्षर नाही.

पाणी किती घालायचं, हाही एक घोळ. एम-२० काँक्रीटला सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीपेक्षा जास्त पाणी नको. पन्नास किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर, त्यातही रेतीतली ओल धरायची. मिक्सरवाला बादलीनं मोजत नाही, नळी सोडतो आणि माल सुटसुटीत वाहायला लागला की थांबतो. वाहणारा माल भरायला सोपा जातो आणि वाळल्यावर कमी ताकदीचा होतो. भरून झाल्यावर मात्र उलट, पाणी कमी पडतं. मानक म्हणतं, कोरड्या उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवा. आता इथे सगळीकडे राखमिश्रित पीपीसी सिमेंट येतं, त्याला तर १४ दिवसांची शिफारस आहे. मे महिन्यात चांदूरला चौदा दिवस स्लॅबवर पाण्याचे आळे भरून ठेवायचे म्हणजे टँकर बोलवायचा. लोक चार-पाच दिवस पाणी मारतात आणि सोडून देतात. त्यांना दोष देणं माझ्यानं होत नाही. त्याच दिवसांत बगीचाही सुकत असतो.

आणि माती. इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. आमच्याकडे मिस्त्री लोकांचा नियम आहे : मुरूम लागेपर्यंत खोदायचं. जिथे काळ्या थराखाली लवकरच मुरूम लागतो तिथे हा नियम उत्तम आहे. पण पूर्णेचं खोरं गाळाचं आहे, कित्येक ठिकाणी तो गाळ शेकडो फूट खोल. तिथे किती खोदलं तरी मुरूम यायचा नाही. उलट याच तालुक्यात उत्तरेला बहिरमकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, गोटे आणि भरड माती. एकाच तालुक्यात दोन तऱ्हेच्या जमिनी आणि दोन्हींकडे सारखाच खड्डा!

मी लेआउटमधली माती पिशवीत भरून माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. तिथल्या सरांनी परवानगी दिली. माती सुकवली, कुटली, बारीक चाळणीतून गाळली. दहा-दहा ग्रॅम दोन उंच नळकांड्यांत घातली. एकात रॉकेल ओतलं, दुसऱ्यात शुद्ध पाणी, ढवळून हवेचे बुडबुडे काढले आणि एक दिवस तसंच ठेवलं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, होती तेवढीच बसून राहिली. पाण्यातली माती वर चढत गेली होती, मऊ, गुळगुळीत, रॉकेलमधल्या मातीपेक्षा दुपटीहून उंच. दोन्हींतल्या फरकाला मूळ आकाराशी ताडून टक्के काढायचे, यालाच मुक्त फुगवण निर्देशांक म्हणतात. शंभराच्या वर गेला की माती फार फुगणारी समजतात. ते नळकांडं हातात धरलं तेव्हा मला त्या लेआउटमधली सगळी घरं डोळ्यांपुढे दिसली. प्रत्येक पावसाळ्यात ही माती त्यांना खालून उचलणार आणि प्रत्येक उन्हाळ्यात सोडून देणार, तेही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. भिंतीच्या तिरप्या भेगा त्यातूनच येतात.

यावर उपाय नाहीत असं नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी खाली फुगीर बोंड असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, कित्येक दशकांपूर्वी विकसित केले. खोल काळ्या थरात त्यांची लांबी जमिनीखाली किमान साडेतीन मीटर असावी, असं मानक सांगतं, कारण ऋतूप्रमाणे होणारी मातीची हालचाल त्याच्या वरच्या भागात असते. बीमखाली मुद्दाम पोकळी सोडतात, माती फुगली तर तिला जागा राहावी म्हणून. जोत्यात खड्ड्यातून निघालेली काळी मातीच परत न भरता मुरूम भरायचा. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी करायची. सांडपाण्याचा शोषखड्डा पायाजवळ नको. शेवटच्या तीन गोष्टींना फारसा खर्चही नाही. पण जोतं भरून वर फरशी बसली की आत मुरूम आहे की काळी, हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही.

बाकीच्या गोष्टी मानानं सोप्या, कारण त्या घर पूर्ण झाल्यावरही मोजता येतात. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर, गच्चीचा कठडा निदान एक मीटर, जिन्याच्या पायरीची उंची १९ सेंटिमीटरच्या आत. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय की नुसती हिरवी वायर बोर्डात गुंडाळून ठेवलीय, आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारं उपकरण बसवलंय का, हे मी आता नेमानं बघते.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिनं नवं घर घेतलं तेव्हा खासगी तपासनीस बोलावला होता. त्याचा अहवाल तिनं मला वाचायला पाठवला. फोटोंसकट भरगच्च अहवाल, आणि सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलेलं की, घर संहितेप्रमाणे आहे की नाही हे सांगणं या तपासणीत येत नाही. तिकडच्या गृहतपासनिसांच्या संघटनेची, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या ‘आशी’ची, मानकंही तसंच म्हणतात. सरांना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, बघ, मी काय सांगत होतो! पण पुढे विचारल्यावर कळलं की तिकडे पायाच्या वेळी, सांगाड्याच्या वेळी, भिंती बंद करण्याआधी आणि शेवटी सरकारी निरीक्षक येऊन संहितेप्रमाणे तपासून जातो. त्याच्या सहीशिवाय पुढचं कामच होत नाही. त्याच्यामागून जाणारा खासगी माणूस ‘ते माझं काम नाही’ म्हणू शकतो, कारण ते काम करून कोणी तरी आधी गेलेलं असतं. आमच्या मास्तरांच्या स्लॅबवर माझ्याआधी कोणी आलेलं नव्हतं आणि माझ्यानंतरही कोणी येणार नव्हतं. तिकडचं वाक्य उचलून इथे लावलं तर घरमालकाच्या हाती काहीच राहत नाही. मोठ्या प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्याला २०१६ चा रेरा कायदा संरचनेतल्या दोषासाठी ताब्यापासून पाच वर्षं दाद देतो. स्वतःच्या प्लॉटवर मिस्त्रीकडून घर बांधून घेणाऱ्याला तेही नाही.

म्हणून माझं मत आता पक्कं होत चाललंय. नवं घर बघायला जाणाऱ्याला नियम आणि मानकं माहीत असलीच पाहिजेत. जुन्या घरात एक वेळ नुसत्या अनुभवी डोळ्यांवर भागेल. नव्या घरात डोळ्यांना दिसण्यासारखं काही नसतं, तिथे काय असायला हवं होतं हे आधी माहीत असेल तरच काय नाही ते कळतं. मात्र घर ‘नियमबाह्य’ आहे असा शेरा मी मारू नये, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. तो निर्णय ज्याचा त्यानं करावा. मी मोजलेला आकडा आणि मानकातला आकडा शेजारी शेजारी लिहीन. आणि आकडे पाठ असलेल्यानं मिस्त्रीचं ऐकू नये असाही याचा अर्थ नाही. खाऱ्या पाण्याचं मला आधी दर्यापूरच्या माणसानं सांगितलं, मानक मी नंतर उघडलं.

बँकेच्या फॉर्मला मी आता एक वेगळा कागद जोडते. त्यावर आवरण, पाणी, जोत्यातला भराव, स्लॅबला पाणी मारल्याचे दिवस आणि सेंटरिंग कधी काढलं, एवढं असतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू नयेत, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. पीपीसी असेल तर आणखी थांबावं. सरांनी अजून त्या कागदावर सही केलेली नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर आपल्याला ओढतील, अशी त्यांना धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. पण माझी बँकेकडे मागणी साधी आहे. पाहणी काम झाल्यावर ठेवता ती काँक्रीट पडायच्या आधी ठेवा. फेऱ्या तेवढ्याच राहतील, फक्त दिवस बदलेल.

ब्राह्मणवाडा थडीच्या एका शेतकऱ्याचं कर्ज नुकतंच मंजूर झालंय. त्यांना मास्तरांकडून कळलं. फोनवर म्हणाले, “ताई, बँकेचा फॉर्म तुमी मंग भरा, पह्यले तो कागद आमाले द्या.” मी दिला, आणि सांगून ठेवलंय की फुटिंगचा खड्डा उघडा असेल, सळ्यांची जाळी आत ठेवली असेल आणि मिक्सर आलेला नसेल, तेव्हा बोलवा.